पळसाच्या पानांचा नवरा

रेवदंडा, १२ ऑक्टोबर १९५९

मोरेश्वर यांस,

हुबळीहून टाकलेलं तुमचं पत्र परवा मिळालं. अक्षर तुमचंच आहे. शेवटचा शब्द मावला नाही की ओळ वर चढवायची सवय गेलेली नाही. तेव्हा तुम्ही जिवंत आहात असं धरून मी हे लिहिते.

नावानं हाक मारलेली पाहून चमकला असाल. जिवंत नवऱ्याचं नाव बायका घेत नाहीत. पण दर वर्षी दिव्यांच्या अवसेला तुमच्या श्राद्धात भटजी ते मोठ्यानं उच्चारतात. बारा वर्षं ऐकून ते माझ्या तोंडात बसलं आहे, आता काढून टाकणार नाही.

तुम्ही लिहिता की सत्तेचाळीस सालच्या त्या सकाळी तुम्हाला धक्क्यावर पोचायला उशीर झाला. रेवसची बोट डोळ्यांदेखत सुटली, आणि ती बुडाल्याचं कानावर आलं तेव्हा मनाला असा हादरा बसला की ‘आपण कोण, कुठले, हेच पुढं कित्येक दिवस उमजेना’. बोट चुकली हे मी मान्य करते. बोट कुणाचीही चुकते. पण पुढच्या बारा वर्षांत बोटी सुटतच होत्या, मोरेश्वर. आणि आपण कोण हे ज्याला उमजत नव्हतं, त्याला हुबळीची गाडी मात्र बरोबर उमजली.

पुढं एक वाक्य आहे : ‘मी मेलो असं समजणं तुम्हां सर्वांच्याच हिताचं होतं.’ त्याच्यावर मी बराच वेळ थांबले. असं वाक्य एका बैठकीत होत नाही. ते रोज थोडं थोडं घासून गुळगुळीत करावं लागतं. ज्या बाईंबरोबर तुम्ही तिथं संसार केलात त्या गेल्या चैत्रात वारल्या, हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलं आहे. ते पहिल्या ओळीत हवं होतं.

इथलं सांगते. आईंचे गुडघे गेले, आवाज शाबूत आहे. भिकूभावजी आणि जाऊबाई तुळशी वाडी बघतात. मी इथल्या कन्याशाळेत मुख्य बाई आहे. लग्नाआधी पुण्याला शिकले ते कामी आलं. पांढरं नेसते. तुमच्यामागं विधवेनं जे जे करायचं ते केलं, केस तेवढे ठेवले.

‘माघात येतो, सगळं पूर्वीसारखं होईल’ असं म्हणता. यायला मी मना करू शकत नाही, घर तुमच्या आईचं आहे. पूर्वीसारखं होणार नाही, एवढं आत्ताच लिहून ठेवते. आईंना अजून सांगितलेलं नाही. सांगीन.

सगुणा


रेवदंडा, ९ नोव्हेंबर १९५९

मोरेश्वर यांस,

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी घरात सांगितलं. आई ओसरीवर सुपारी निवडत होत्या. मी म्हटलं, “आई, पत्र आलंय. मोरेश्वरांचं.”

त्यांचा हात थांबला नाही. “अगो, ओली सुपारी वेगळी ठेव म्हणून किती वेळा सांगायचं तुला?”

भिकूभावजी हसले. “कुणीतरी थट्टा केली, वहिनी.” मग त्यांनी पत्र हातात घेतलं आणि त्यांचं हसू गेलं. उभे होते ते पायरीवर बसले. म्हणाले, “म्हणजे मी अग्नी दिला तो कुणाला?”

“नारळाला,” आई म्हणाल्या. मान वर न करता. “चांगला पाणीदार नारळ होता.”

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. तुमचा देह सापडला नाही. सापडला नाही की पळसाच्या पानांचा आणि देठांचा माणूस करतात, हात, पाय, छाती, आणि डोक्याच्या जागी नारळ. तसा तुमचा केला. खाडीकाठच्या स्मशानात भिकूभावजींनी त्याला अग्नी दिला. तो नारळ आईंनी स्वतः निवडला होता. वाडीत पाडलेल्या ढिगातून एकेक उचलून, कानाशी हलवून. तेव्हा मला वाटलं होतं, दुःखानं माणूस असं काही करतं. आता ‘पाणीदार’ हा शब्द ऐकला आणि मी आईंकडे नीट पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग बाळाजीभटांना बोलावणं गेलं. ज्याचे दिवस केले, श्राद्धं घातली, तो परत आला तर काय करायचं? ते म्हणाले, “शास्त्रात सोय आहे. मेला तो मेला. आता नवा जन्म घ्यायचा. तुपाचं स्नान, मग जातकर्म, बारसं, मुंज, सगळं ओळीनं. आणि शेवटी लग्न.”

“कुणाशी?” भावजींनी विचारलं.

“त्याच बायकोशी. दुसरी कुठून आणणार?”

तुळशी पदर तोंडावर धरून म्हणाली, “अहो, पण पाळणा? एवढ्या बाळाला आढं पेलायला हवं!” तिच्या या बोलण्यावर आईसुद्धा हसल्या. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि हसता हसताच माझ्या ध्यानात आलं की हे सगळे मला विचारत नाहीत, तयारी करत आहेत.

मी म्हटलं, “भटजी, आणि वधू नाही म्हणाली तर?”

“असं कुणी म्हणत नाही.”

“तसं शास्त्रात लिहिलंय?”

“लिहायची वेळच आली नाही, बाई.”

ती आता आली आहे. भावजींच्या ओळखीचे एक वकील अलिबागला असतात. ते म्हणाले, कायद्यानं पहिलं लग्न मोडलेलंच नाही. कायद्याचं मी कोर्टात बघून घेईन. पण तुमच्या घरच्यांना कोर्ट नको, त्यांना शास्त्र हवं. आणि तुमच्या शास्त्रानंच मला असा प्रश्न विचारला आहे, जो पहिल्या लग्नात कुणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर मी देणार.

सगुणा


रेवदंडा, २७ डिसेंबर १९५९

मोरेश्वर यांस,

तुमचं दुसरं पत्र मिळालं. ‘तू बारा वर्षं माझ्या आठवणीवर काढलीस हे वाचून ऊर भरून आला.’ मी असं कुठं लिहिलं? मी पांढरं नेसते असं लिहिलं होतं. ऊर भरून यायला तुम्हाला तेवढं पुरलं.

मी तुमच्या आठवणीवर राहिले नाही. कशावर राहिले ते सांगते. हे मी स्वतःलाही सरळ सांगितलेलं नव्हतं, म्हणून सावकाश लिहिते आहे. रोज डायरी लिहिणाऱ्या बाईला हे इतकं जड जावं याची गंमत वाटते.

त्या बोटीतून पोहून वाचलेला इथला कोंडाजी कोळी तुम्हाला आठवत असेल. तो तिसऱ्या दिवशी आपल्या ओसरीवर आला. अंगावर घोंगडी, ओठ फुटलेले. म्हणाला, “बाय, बोट सुटली तवा मी सगल्या बोटीन फिरलो, आपल्या गावची कोन कोन हायेत ते बगत. मोरूभाऊ मना दिसला न्हाय. तो बोटीव न्हवता.”

एखादी बाई हे ऐकून देवापुढं दिवा लावती. मी काय केलं?

मी विचारलं, “गर्दी होती ना?”

“व्हती.”

“पाऊस होता?”

“व्हता बाय. लय.”

“मग कोपऱ्यात कुणी छत्री उघडून तिच्याखाली बसलं असतं, तर तुला चेहरा दिसला असता?”

“तसा कोनी बसला आसल तं...”

“काळी छत्री. वेताच्या मुठीची.”

बिचाऱ्याला वाटलं असावं, हिला काय हवंय ते देऊन टाकावं. “आसल, बाय. व्हता आसल.”

मी आत जाऊन आईंना सांगितलं, “कोंडाजीनं यांना बोटीवर पाहिलं. छत्री घेऊन बसले होते.”

पुढं भावजींबरोबर मी तुमच्या गिरगावातल्या खोलीवर गेले. खोलीत वळकटी नव्हती. खिडकीशेजारच्या खिळ्यावर आरसा नव्हता, दाढीचं सामान नव्हतं. अवसेपुरता एक दिवस घरी येणारा माणूस आरसा घेऊन निघतो का? हा प्रश्न मला पडला. जिना उतरताना पडला, हेही आठवतं. आणि जिना संपायच्या आत मी परतीच्या प्रवासाचा, भावजींच्या जेवणाचा विचार करू लागले होते. दुसऱ्याशी खोटं बोलायला शब्द लागतात. स्वतःशी बोलायला पुढचं काम काढलं की पुरतं.

का केलं, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला नाही, पण मला आहे. त्या वेळी मला तिशी लागली होती आणि मूल नव्हतं. बोटीवर तुम्ही नसाल, तर तुम्ही मला सोडून गेलात. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला गाव विचारतं, तुझं काय चुकलं? स्वयंपाक येत नव्हता? अंगात दोष होता? आणि ती स्वतःलाही तेच विचारत बसते. विधवेला कुणी काही विचारत नाही. तिला वाईट वागवतात, शुभकार्यात मागं उभी करतात, पण तिची चूक शोधत नाहीत, कारण ती समुद्रानं केलेली असते. मी दोन्हींतून एक निवडलं. कुंकू स्वतःच्या हातानं पुसलं. त्या बदल्यात मला शाळेत जायची परवानगी मिळाली. टाकलेल्या बाईला ती मिळाली नसती.

हा पश्चात्ताप आहे असं समजू नका. त्या ओसरीवर पुन्हा उभी राहिले, तर मी कोंडाजीला पुन्हा छत्रीचंच विचारीन. त्या दिवशी मला जगायचं होतं आणि हाताशी तेवढंच होतं. पण ते तेव्हा होतं. आज माझ्यापाशी काम आहे, पगार आहे, वर्गातल्या मुली आहेत. आज मी तेच खोटं पुन्हा धरलं तर तो नुसता आळस होईल.

एक गोष्ट मात्र तुमच्यात आणि माझ्यात सारखी निघाली. आपण दोघांनी एकाच आठवड्यात एकाच माणसाला मारलं. तुम्ही तिकडं, मी इकडं. तुम्ही आता त्याला उठवायला निघाला आहात, कारण तुम्हाला एकटं वाटतं. मला त्याची गरज नाही.

मी लग्नाला उभी राहणार नाही. हे इतकं स्पष्ट लिहिलं आहे की तुम्हाला दुसरं काही वाचता येऊ नये. तरी तुम्ही वाचाल, याची मला खात्री आहे.

सगुणा


रेवदंडा, १ मार्च १९६०

मोरेश्वर यांस,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, तुळशीच्या हाती देते. तुम्ही आईंजवळ खालच्या खोलीत, आणि मी शाळेमागं भाड्याच्या खोलीत. मध्ये चिऱ्यांच्या पायऱ्यांची एक पाखाडी. पण समोरासमोर तुम्ही वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही काल निरोप धाडलात की मी सगळ्यांदेखत तुमचा अपमान केला. तेव्हा त्या दिवशी काय झालं ते माझ्या बाजूनं लिहून देते.

तुम्ही आलात त्याच आठवड्यात रतनशेट शाळेत येऊन गेले. शाळा समितीचे ते अध्यक्ष, हे तुम्हाला कळलं असेलच. खुर्चीवर न बसता म्हणाले, “बाई, एक शब्द बोला ना. हा मानूस तोतया हाय. बारा वरसांनी चेहरा कोन ओळखतो? समिती तुमच्या पाठीशी उभी.”

“आणि हे तेच आहेत असं मी म्हटलं तर?”

“तर मग लग्न करा. देवानं परत दिला. गाव पेढे वाटेल.”

“आणि तेच आहेत, पण मला नकोत असं म्हटलं तर?”

ते खिन्न झाले. माणूस वाईट नाही. “बाई, विधवा बाईकडे लोक पोरी पाठवतात. नवऱ्यानं सोडलेली, वर तिनं नवऱ्याला सोडलेला... मला नाय सांगता येणार.”

म्हणजे दोन खोटी माझ्यासाठी तयार होती, दोन्ही चांगली शिवलेली, अंगाला बसणारी. तोतया म्हणावं तर नोकरी राहते. देवानं दिला म्हणावं तर कुंकू मिळतं. मी त्या रात्री दोन्हींचा विचार केला. केला नाही असं म्हणणार नाही. तोतयाचा जास्त केला.

तुम्ही यायच्या आदल्या दिवसापासून मी शाळेतच निजत होते. तुम्हाला मुंडावळ्या बांधल्या त्या दिवशी मी आले, कारण आईंनी बोलावलं होतं. सकाळी तुमचं बारसं झालं. आईंनी खाली वाकून तुमच्या कानात तुमचंच नाव सांगितलं आणि तुम्ही रडलात. ते रडणं खरं होतं. तुमच्याविरुद्ध इतकं लिहिते आहे, तर हेही लिहायला हवं. मुंज झाली, भिक्षावळीत तुळशीनं तुम्हाला लाडू वाढताना “बाळ, अभ्यास करा हो” म्हटलं आणि सगळा मांडव हसला. तुम्हीही हसलात. मग बाळाजीभटांनी अंतरपाट धरायला सांगितला आणि म्हणाले, “वधूला आणा.”

मी मागं खांबापाशी उभी होते. शाळेतलं पांढरं पातळ. कुणी आणायला येण्याआधी मीच पुढं झाले. मी जे बोलले ते असं होतं, यात एक अक्षर इकडचं तिकडं नाही :

“हे मोरेश्वरच आहेत. तोतया नव्हेत. हे बोटीवर नव्हते, मला सोडून गेले होते. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी कळून घेतलं नाही. आता भटजी विचारतायत, म्हणून सांगते. मला यांच्याशी लग्न करायचं नाही.”

तुम्ही अंतरपाटाच्या पलीकडून म्हणालात, “सगुणा, माझी स्मृती गेली होती गं!” आणि मी म्हटलं, “नव्हती.” यालाच तुम्ही अपमान म्हणता.

बाळाजीभटांनी अंतरपाट खाली घेतला, नीट घडी घातली. कुणीतरी अक्षता टाकूनच बसलं होतं, त्या तुमच्या खांद्यावर पडल्या होत्या. पंगत मात्र बसली. अन्न शिजलं होतं.

आईंचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. त्या माझ्यामागून स्वयंपाकघरात आल्या. मला वाटलं, आता हात उगारतील. भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मलाही ठाऊक होतं गो. आईला कळत नाही होय? पण माझा मुलगा बायकोला टाकून पळाला म्हणण्यापेक्षा बुडाला म्हणणं मला सोपं गेलं.” मग म्हणाल्या, “तुला नको तर नको. मला हवाय. मी त्याला जेवायला घालीन.” मी म्हटलं, “घाला ना.” बारा वर्षं एका खोलीत झोपलो आम्ही दोघी, आणि हे एवढं बोललो नव्हतो. त्याच संध्याकाळी मी माझी पेटी इकडं आणली. भांडून नव्हे. त्यांनीच तुळशीला उचलू लागायला सांगितलं.

आता तुमची मागणी. तुम्ही म्हणता, लग्न राहू दे, निदान ‘स्मृती गेली होती’ एवढं गावात मी खरं म्हणावं, म्हणजे तुम्हाला पारावर बसता येईल. नाही. तुम्ही ते हवं तितकं सांगा, तुमची जीभ तुमची. मला कुणी विचारलं तर मी ‘नव्हती’ म्हणणार. तुम्हाला पारावर बसायचं असेल तर एक वाक्य आहे : ‘मला जायचं होतं म्हणून मी गेलो.’ ते एकदा म्हणून बघा. मी माझं म्हटलं, आणि मेले नाही.

परवा समिती बसली. काही आयांनी मुली घरी ठेवल्या आहेत, खोटं कशाला सांगू. रतनशेट म्हणाले, बाईंनी आपणहून राजीनामा दिला तर सोपं जाईल. मी म्हटलं, देणार नाही. काढायचं तर काढा, पण कारण लिहून द्या : बाई चारचौघांत खरं बोलल्या. दौत पुढं होती. त्यांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढच्या बैठकीत काढतीलही. मग मी अलिबागला जाईन, नाहीतर पनवेलला. मुलींना शिकवायचं तर शाळा लागते, तीच शाळा लागते असं नाही. हे लिहिताना मी धीट आहे असं मला वाटतंय. ते कितपत खरं, ते त्या दिवशी कळेल.

आणि एक राहिलं. हे तुम्हाला सांगण्याची काही गरज नव्हती.

त्या दिवशी शाळेतून निघण्याआधी मी अंबाडा घातला, आरशात पाहिलं, सोडला, आणि पुन्हा घातला. पातळही बदललं, नव्या घडीचं नेसले. तेव्हा मी स्वतःला सांगत होते की इतके लोक असणार, मुख्य बाईनं नीटनेटकं दिसावं. ते खोटं होतं. बारा वर्षांनी तुम्ही मला पाहणार होतात, आणि मी तुम्हाला बरी दिसावी असं मला वाटत होतं. अजूनही, तुम्ही पाखाडीवरून खोकत गेलात की मला कळतं, कुणी सांगावं लागत नाही.

हे वाचून तुम्ही नव्यानं आशा धराल, हे मी जाणते. धरू नका. मी तुम्हाला नाही म्हटलं ते मनात काही उरलं नव्हतं म्हणून नव्हे. उरलं होतं, केस दोनदा विंचरून मी आले होते, आणि तरी नाही म्हटलं.

सगुणा